धवलारणीचा नवरा

बाबा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुझी आठवण कुठे यावी तर रोह्यातल्या एका शाळेच्या फळ्यासमोर. आम्हा शिक्षकांना सुट्टीत बोलावून प्रशिक्षण देतात. पंखा असतो पण फिरत नाही, चहा येतो पण गार, आणि आम्ही पन्नाशीच्या बाया-बाप्ये पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसतो. तर शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, स्त्रीद्वेष. अर्थ विचारला. कुणी म्हणालं, बायकांचा तिरस्कार. कुणी म्हणालं, हुंड्यासाठी सून जाळतात ते. एक गुरुजी म्हणाले, आपल्याकडे नाही तसलं काही, आपण तर नऊ दिवस देवी बसवतो. मग बाई म्हणाल्या, बरं, आता याच्या उलट अर्थाचे शब्द सांगा. फळा भरायला लागला. स्त्रीपूजा आला. स्त्रीदाक्षिण्य आला. स्त्रीप्रेम आला तेव्हा थोडं खिदळणं झालं. समता आला. स्त्रीवाद मी सांगितला, कारण कुणीतरी सांगायलाच हवा होता. आणि मागच्या बाकावरून एक गुरुजी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायल्या." सगळा वर्ग हसला, फळ्यापाशी उभ्या बाईसुद्धा हसल्या. मला हसू आलं नाही. मला तू दिसलास.

कारण तो शब्द मी पहिल्यांदा तुझ्यासाठीच ऐकला होता. आपल्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावात तुला नाव कमी आणि बाकीचंच जास्त होतं. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणायचे, बाईलवेडा म्हणायचे, आणि मिठागरावरचे सगळे मिळून म्हणायचे तो हा बायल्या. मोठी झाल्यावर मी पुस्तकांतून जे चांगले चांगले शब्द शिकले, ते गावात कुणाच्या तोंडी नव्हते. गावाच्या तोंडी बायकोला मान देणाऱ्या पुरुषासाठी जेवढे शब्द होते, तेवढ्या सगळ्या शिव्याच होत्या. हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं गेली आणि तेही एका टवाळ गुरुजीमुळे, म्हणून त्याच्यावर मला नीट रागावताही येईना. आणि हो, हे पत्र मी तुला 'तू' असंच लिहिते आहे. पेणच्या कॉलेजात गेल्यावर मी एकदा सुधारलेपणाच्या भरात तुला 'तुम्ही' म्हणाले होते. तू घाबरून विचारलं होतंस, "काय झाला गो, रागावलीस काय माझ्यावर?"

तुझा गुन्हा एवढाच होता की आई धवलारीण होती आणि तू तिचा नवरा होतास. आता माझ्या वर्गातल्या मुलांना धवलारीण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. आपल्या लोकांत लग्न लावायचं ते बाईनं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, तो तिनं गायचा, काय कधी करायचं ते तिनं सांगायचं, आणि तिचा शब्द नवऱ्या मुलाच्या बापानंही मोडायचा नाही. आमच्या वेळेपर्यंत भटजीही यायला लागले होते, ते अक्षतांपुरते. बाकीचं लग्न आईचं. पेणपासून जित्यापर्यंत आणि खाडीच्या काठाकाठानं तिला बोलावणी यायची. पण लग्नसराई आणि मिठाचा हंगाम नेमके एकाच वेळी. तू आगरातलं मीठ ओढायचं काम टाकून आईला सायकलवर बसवायचास आणि बांधाबांधानं निघायचास. मुकादम आगराच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा, "काय रं, आज पन बायकोच्या मागं?" आणि तू पायडल न थांबवता म्हणायचास, "मागं नाय, पुढं. सायकल मी चालवतंय!" मागे कॅरियरवर आई तोंडाला पदर लावून हसायची. मी लहान असताना दांडीवर बसायचे, त्यामुळे हे मला माहीत.

लग्नघरी पोचलास की तू बाहेर. मांडवात बायकांचं राज्य. तू सायकल टेकवायचास, विडी काढायचास, आणि जिथे चपला सोडलेल्या असतात तिथे आईच्या पिशवीवर नजर ठेवून बसायचास. तासच्या तास. आतून आई ओळ म्हणायची, तिची जोडीदारीण तीच ओळ उचलून पुन्हा म्हणायची, मग आई पुढची. धवला एकटीचा नसतो. एकीनं टाकायचा, दुसरीनं उचलायचा. तू बाहेर बसून ते सगळं ऐकायचास असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. आम्हाला वाटायचं तू झोपतोस. तुझे डोळे मिटलेलेच असायचे.

आई दोन-दोन दिवस लग्नाला गेली की घरात चूल तुझ्याकडे. तांदळाची भाकरी तू आईपेक्षा पातळ थापायचास, हे मी आईसमोर अजूनही बोलत नाही. खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या, राखेत घोळून, खसाखसा चोळून साफ करायचास, आणि त्यांचं कालवण असं करायचास की आम्ही भावंडं आई आणखी एक दिवस उशिरा यावी म्हणून मनात म्हणायचो. अशाच एका दिवशी धाकट्याच्या पायात काटा मोडला आणि तो भोकाड पसरून बसला. मी मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात म्हणाले, "बायल्या, रडतंस काय?" तू पिठाचा हात तसाच माझ्यासमोर धरलास. आवाज चढवला नाहीस, पण तुझा चेहरा असा मी आधी पाहिला नव्हता. "परत बोलू नको. तुझी आयस बाय हाय. तू बाय हायस. तुमचाच नाव घेऊन तू त्याला शिवी देतंस?" तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली, आणि ती शिक्षा म्हणून माझ्या ताटात आली.

आता कुणाला वाटेल की तू कुणी सुधारक होतास. कसला! आई घरी असली की तू आयत्या पाटावर बसायचास, पाणीसुद्धा हातात लागायचं. जेवून उठलास की ताट तिथेच. जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाहीस. निवडणुकीच्या दिवशी शिक्का कुठे मारायचा ते आईला समजावून सांगायचास, ती मान डोलवायची, आणि आत जाऊन तिला हवं तिथे मारून यायची. तुला ते कधी कळलं नाही. समता हा शब्द तुझ्या कानावरून गेला असेल तो निवडणुकीच्या जीपवरच्या भोंग्यातून. म्हणून तर मला फळ्यावरचा कुठलाच शब्द तुला नेमका बसेना.

मग रोह्याचं ते लग्न. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं जमत आलं होतं. मुलगा रोह्याचा, कंपनीत लॅबमध्ये कायम, आपल्यातलेच लोक पण रोह्यात राहून सुधारलेले. ते पेणला येऊन मला बघून गेले होते, पसंती झाली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. त्याच मुलाच्या मामेभावाचं लग्न होतं आणि नवऱ्या मुलाच्या आईनं हट्टानं आपल्या आईला धवल्याला बोलावलं होतं. मावशीनं मला स्वतःची मोरपंखी साडी नेसवली आणि बजावलं, "तिथं सगले तुलाच बघनार. नीट ऱ्हा." तुलाही बजावलं, विडी ओढत बसू नको म्हणून. तू गाडीत बसल्यापासून विडीचं बंडल चाचपत होतास, पण काढलं नाहीस. माझ्या लग्नाची काळजी तुझ्या मानेत दिसायची, तू मान ताठ करून बसायचास.

हॉल एकाच दिवसाचा मिळाला होता, म्हणून हळद सकाळीच, तिथेच, दोन्हीकडच्या माणसांसमोर. मुलीकडचे घाटावरचे. त्यांना धवले म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. हॉलच्या एका अंगाला बेंजोवाली पोरं वाद्यं लावून तयार, आणि मुलीचा मामा सफारी घालून हातात माईक घेऊन फिरत होता. मोठा हौशी माणूस, सगळ्यांना सरबत पोचलं का ते विचारत होता. तुला चपलांपाशी बसलेला पाहून तुलाही त्यानं ग्लास दिला. आई आणि तिची जोडीदारीण चटईवर बसल्या. आईनं दिवा लावला, डोक्यावर पदर घेतला. मामा लगबगीनं आला आणि माईक आईच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "हं मावशी, दोन झकास कोळीगीतं होऊन जाऊ द्या. पोरांना नाचायचंय. जरा ठेक्यातलं म्हणा!" बेंजोच्या पोरांनी ठेका धरलासुद्धा.

आई म्हणाली, "भाऊ, ही नाचाची गानी नाय. यावर हलद लागतं." मामा म्हणाला, "लागू द्या की, कोण नाही म्हणतंय!" आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, ते मला आजही मान्य आहे. पण तो माईक बघून आईची जोडीदारीण जी लाजली, ती पदर तोंडात धरून उठली आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. आईबरोबर आलेल्या गावच्या बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी मला शेजारी बसवून माझा हात हातात धरून ठेवला होता, प्रेमानंच, पण घट्ट. त्या हळूच म्हणाल्या, "आता हे जुनं कशाला गं लोकांसमोर." आईनं पहिली ओळ म्हटली. उचलायला कुणी नाही. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. बेंजोनं ती खाऊन टाकली. नवऱ्या मुलाची आई हळदीचं ताट घेऊन तशीच उभी. आईनं तिच्याकडे बघितलं, आणि मग दिव्याकडे बघत बसली. आईला हरलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली.

तू दारात उभा होतास. सरबताचा ग्लास तुझ्या हातात होता. तू आधी माझ्याकडे बघितलंस. मी कुठे बसलेय, कुणाशेजारी बसलेय, माझा हात कुणी धरलाय, हे सगळं तू बघितलंस. मला वाटतं तू मला विचारत होतास. मी आईकडे बघितलं. मग तू ग्लास खाली ठेवलास, अनवाणी आत आलास, बेंजोवाल्याला म्हणालास, "पोरा, जरा दम खा," माईक मामाच्या हातातून काढून जमिनीवर पालथा ठेवलास, आणि जोडीदारणीच्या जागेवर मांडी घालून बसलास. धवला डोक्यावर पदर घेतल्याशिवाय म्हणत नाहीत. तू खांद्यावरचा पंचा डोक्यावर ओढून घेतलास, अगदी पदरासारखा, मिशांपर्यंत. आणि आईला म्हणालास, "टाक."

आधी कुणीतरी शिट्टी मारली. मग सगळा हॉल हसायला लागला. व्हिडिओवाल्यानं धावत येऊन दिवा थेट तुझ्या तोंडावर मारला. तू डोळे मिटलेस, नेहमी बाहेर बसून मिटायचास तसे, आणि आईची ओळ उचललीस. तुझा आवाज म्हणजे गाळातून होडी ओढावी तसा. सूर नाही, काही नाही. पण शब्द होते, आणि जागेवर होते. पोरं पोट धरून हसत होती आणि तू ओळीमागून ओळ उचलत होतास. तुला सगळे धवले येत होते! आई तुझ्याकडे बघत नव्हती, पण तिचा आवाज मोकळा झाला होता. हळद लागली. पूर्ण लागली, पाच जणींची, कुठलीही ओळ न गाळता. हसणारी माणसं कंटाळून आपापल्या गप्पांना लागली. हॉल काही गहिवरला बिहिवरला नाही. तू उठल्याबरोबर बेंजो सुरू झाला आणि मामा सगळ्यांत पुढे नाचला. तू जाऊन पुन्हा चपलांपाशी बसलास.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन आलं, आणि आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिसऱ्याला चुकलास." तू म्हणालास, "म्हाईत हाय." "आनि पाचव्यात दोनदा तीच वल म्हटलीस." "माझा पाय झोपला व्हता." मग तिला हसू फुटलं, तुला फुटलं, आणि नागोठणं येईपर्यंत तुम्ही दोघं असे हसत होतात की समोरची बाई जागा बदलून गेली. मी तुमच्यासमोर मोरपंखी साडी सावरत बसले होते. मला माझं पुढचं काय ते कळून चुकलं होतं, आणि तरी तुमच्याकडे बघून मला इतकं बरं वाटत होतं की त्याचं काय करायचं ते समजेना.

व्हिडिओची कॅसेट रोह्यात घरोघरी फिरली. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं त्यांनी टीव्हीवर पाहिलं. थोड्याच दिवसांत माझा मामा, आईचा भाऊ, त्यांचा निरोप घेऊन आला. मुलगी चांगली हाय, शिकलेली हाय, पन घर बायकी हाय म्हणतान. बापच असा, तर मुलगी उद्या आमच्या मुलाच्या डोक्यावर बसंल म्हणतान. आई तेव्हा लग्नाला गेली होती. तू मागच्या दारी निवट्या साफ करत बसला होतास. मामा गेल्यावर तू राखेचे हात तसेच घेऊन माझ्यापाशी आलास आणि म्हणालास, "तुझा लगीन मोरला गो माझ्यामुलं." मी म्हणाले, "मना नव्हताच तो पसंत. दात पुढं व्हते त्याचे." तू विचार करायला लागलास. "पुढं व्हते?" "व्हते ना. तू बघितलंस नाय." तू एकदम हलका झालास. त्या दिवशी जेवलास किती, आणि झोपलास किती!

पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. जावई तुला आवडायचा. तो स्वतःचं ताट उचलतो, तेवढा तुझ्यापेक्षा पुढे आहे. पण डोक्यावर पंचा घेऊन बसेल की नाही ते मला सांगता येत नाही, आणि विचारायचा धीर मी केलेला नाही. आई आता माझ्याकडेच असते. प्रशिक्षणातून घरी येऊन मी तिला स्त्रीद्वेष हा शब्द आणि फळ्याची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "द्वेष कशाला करतील गो? आपलीच लोका ती." तेच तर मला इतकी वर्षं उमगत नव्हतं. त्या हॉलमध्ये बायकांचा द्वेष करणारं कुणी नव्हतं. सगळे आयांचे लाडके होते, घरी देवी बसवणारे होते. त्या सफारीतल्या मामानं तर आईला मावशी म्हटलं, वाकून नमस्कारही केला असता. मग ते हसले कशाला? पुरुष बाईच्या जागेवर जाऊन बसला म्हणून. ती जागा आपल्यापेक्षा खालची आहे हे ज्याला आत कुठेतरी पक्कं ठाऊक असतं, त्यालाच माणूस तिथे बसल्याचं हसू येतं. त्या शब्दाचा अर्थ मला कुणी आता विचारला तर मी ते हसू सांगेन. त्यात राग नव्हता, म्हणून तर ते ओळखू आलं नाही.

आणि उलट शब्द मला अजून सापडलेला नाही. पूजेत बाईला उंच बसवतात, दाक्षिण्यात तिला गाडीत जागा देतात, आणि दोन्हीत आपण आपल्या जागेवरच असतो. तू आईला काही दिलं नाहीस, तिच्या वतीनं भांडला नाहीस. ती जागा रिकामी पडली होती, तिथे जाऊन बसलास आणि तिची ओळ चुकत-माकत उचललीस. एवढ्याशा गोष्टीला शब्द कुणी कशाला करेल? दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षणाला जरा लवकर गेले होते. फळा तसाच होता. मागच्या बाकावरच्या गुरुजींचा शब्द बाईंनी लिहिलाच नव्हता. मी खडू घेतला आणि समता या शब्दाच्या खाली तो लिहिला, मोठ्या अक्षरात. गुरुजी आले, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. तुला वेदना झाल्या असतील इतक्या वर्षांत त्या शब्दाच्या, पण माझ्याकडे तुझ्यासाठी तोच एक होता.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न नाही. तू असतास तरी ते तुला वाचता आलं नसतं. तू ते घेऊन माझ्याकडेच आला असतास, पाटावर बसून "वाच गो" म्हणाला असतास, आणि मी इथपर्यंत तुला वाचून दाखवलं असतं. पुढचं मात्र गाळलं असतं. त्याचे दात पुढे नव्हते, बाबा. चांगले सरळ होते. पेणला आला तेव्हा त्यानं मला विचारलं होतं की लग्नानंतरही शिकायचंय का, आणि मी हो म्हटल्यावर तो लाजला होता. हॉलमध्ये त्याला मी शोधलं. तो खांबापाशी उभा होता आणि तोंडावर रुमाल धरून हसत होता. तेही मी पाहिलं. आणि तरी त्या वर्षीची भातकापणी होईपर्यंत मला तो फार आवडत राहिला.